केक केला नाही

मागच्या दिवाळीत परभणीला गेले होते तेव्हा आईच्या स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ आवरायला काढलं, आणि डाळीच्या रिकाम्या डब्यांच्या मागं तिची वही सापडली. वही म्हणजे खरं तर डायरी. बाबा पाटबंधारे खात्यात होते, दरवर्षी एखादी डायरी घरी यायची, त्यातली ही १९९१ सालची. मरून रंगाचा जाड पुठ्ठा, त्याच्यावर तुपाच्या बोटांचे डाग, आणि पानांच्या शिवणीत अजून मैदा अडकलेला, बोटानं खरवडला तर नखात आला.

ही वही मला काही नवीन नव्हती. आम्ही तिला केकची वही म्हणायचो आणि लहानपणी शंभरदा तरी बघितली असेल, पण आम्हाला तिच्यातलं एकच पान माहीत, ज्याच्यावर केकचं प्रमाण लिहिलंय ते. वाढदिवसाच्या दिवशी आई म्हणायची वही आण गं, मी आणायची, ते पान आपोआप उघडायचं, बास. पुढं काय लिहिलंय, मागं काय लिहिलंय, कधी बघितलंच नाही. ह्या वेळी फडताळ तसंच अर्धवट सोडून मी फरशीवर बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. आई दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "काय वाचायलीस एवढं त्यात? हिशोब हाय तो."

त्या दिवसांत माझं लिहिणं पार थांबलं होतं, दोन वर्षं झाली होती. म्हणजे ऑफिसचं लिहायची, पोरीच्या शाळेचे प्रोजेक्ट लिहून द्यायची, पण जे आतून लिहावंसं वाटतं ते काहीच नाही. लिहायला बसलं की वाटायचं, आपण मराठवाड्याचे, तर दुष्काळावर लिहायला पाहिजे, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्याच्यावर लिहायला पाहिजे, कापसावर, सोयाबीनच्या भावावर, शिकायला म्हणून पुण्याला गेलेल्या आणि परत न आलेल्या पोरांवर लिहायला पाहिजे. हे सगळे विषय मोठेच आहेत, त्याच्याबद्दल वादच नाही. पण मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य पेपरातून उचलून आणल्यासारखं वाटायचं, माझ्या घराचा वासच नाही त्याला. मग मी खोडायची. खोडता खोडता लिहायचंच सोडून दिलं.

आणि इथं ह्या डायरीत, जी कुणी वाचावी म्हणून लिहिलेलीच नाही, पहिल्याच ओळीत आमचं घर होतं. "मैदा चाळला. जुना होता, जाळी निघाली. टाकून दिला, नवा आणला, १ किलो."

आमच्याकडं ओव्हन यायच्या आधी अशा भाजायच्या गोष्टी दोनच ठिकाणी व्हायच्या. एक म्हणजे आजीच्या गावाला मारुतीच्या पाराशेजारी रोडगे, आणि दुसरी म्हणजे बेकरीवाल्या चाचांच्या भट्टीत नानकटाई. मला आत्ता लिहिताना जाणवतंय की मराठीत आपण ह्या सगळ्याला भाजणंच म्हणतो. भाकरी भाजतो, शेंगा भाजतो, पापड भाजतो, रोडगे भाजतो आणि आई तर अजूनही "केक भाजला का?" असंच विचारते. माझी पोरगी बेक म्हणते. मला भाजणं बरं वाटतं, कारण त्याच्यात जाळ आहे आणि हात भाजायची भीती पण आहे.

रोडग्यांचं सांगते. आजीचं गाव पाथरी तालुक्यातलं. कुणाचा नवस फिटला की मारुतीला रोडगे. गव्हाचं जाडंभरडं पीठ तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं, एकात एक पापुद्रे ठेवून गोळे वळायचे, आणि तिकडं गोवऱ्यांचा ढीग पेटवलेला असायचा. आम्हा पोरांना वाटायचं आता जाळ आहे तर टाका की लगेच. पण आजी टाकू द्यायची नाही. "जाळ बसू दे. जाळात ठिवला तर वरून जळतो आन् आतून कच्चा ऱ्हातो." जाळ संपून नुसता लाल आर उरला की मगच रोडगे ठेवायचे, वरून गरम राख ओढायची, आणि मग गप बसून राहायचं. झाला की रोडग्याला वरून भेग पडते. मग तो फडक्यात घेऊन राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचा, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पुढं मी ओव्हनच्या पुस्तिका वाचल्या, व्हिडिओ बघितले, त्यात प्रीहीट करा, तापमान कमी करा, मधूनमधून दार उघडू नका, असं सगळं असतं, आणि ते वाचताना दर वेळी मला आजीचं "जाळ बसू दे" ऐकू येतं.

चाचांची भट्टी हे दुसरं विद्यापीठ. दिवाळीच्या आठ दिवस आधी आख्ख्या गल्लीतल्या बाया पिशव्या घेऊन तिथं जायच्या. मैदा, थोडा रवा, पिठीसाखर, डालडा, वेलदोडे, सामान आपलं, मजुरी किलोवर. आत एक पोऱ्या मोठ्या परातीत डालडा आणि साखर तळव्यानं फेसत बसलेला असायचा. पहिल्यांदा ते पिवळट, कणीदार असतं, पण घासता घासता अर्ध्या तासात पांढरं शुभ्र आणि हलकं होतं, कारण त्याच्यात हवा भरते, आणि नानकटाई जी तोंडात टाकली की विरघळते ती त्या हवेमुळं. आई तिथं बसून पोऱ्याला म्हणायची, अजून थोडं, अजून थोडं. मग गोळे करून पत्र्यावर मांडायचे, मध्ये अंगठ्यानं खळगा, पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी.

आणि मग थांबायचं. भट्टीचा एक क्रम असतो, हे मला तिथं कळलं. आत लाकडं जाळून विटा तापवतात, मग निखारे बाजूला सारतात आणि त्या तापलेल्या विटांवर सगळं भाजतं. भट्टी सगळ्यात गरम असते तेव्हा पाव. पाव निघाले, भट्टी जरा उतरली की बिस्किटं, नानकटाई. आणि सगळ्यात शेवटी, जेव्हा नुसती ऊब उरते, तेव्हा पावाचे काप आत ठेवून द्यायचे, ते रात्रभर वाळतात आणि सकाळी त्याचे टोस्ट होतात. म्हणजे एकाच लाकडात तीन कामं, काही वाया नाही. आमचा नंबर यायला रात्रीचे दहा वाजायचे. आई घाई करायला लागली की चाचा चिमूटभर मैदा आत विटेवर टाकायचे. तो लगेच काळा झाला की मान हलवायचे. "भाभी, अब्बी नक्को. भट्टी बहोत गरम है, नीचे से जल जाती." थोड्या वेळानं परत चिमूट टाकायचे, आणि ती हळूहळू बदामी झाली की मग लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून आमचा पत्रा आत जायचा. ती चिमूट बघत मी उभी राहायची, तेव्हाचा तो वास, वेलदोडा आणि तापलेली वीट आणि तूप, तो मला अजून कुठं भेटलेला नाही.

चाचा गेले, भट्टीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. आईच्या वहीत मात्र एक ओळ आहे. "नानकटाई ३ किलो. चाचांनी मजुरी २ किलोचीच घेतली, म्हणाले मुलीनं रांगोळी काढली होती दुकानापुढं." ती मुलगी मी. मला आठवतच नव्हतं.

ओव्हन आला तो बाबा हैदराबादला गेले होते तेव्हा. आमच्याकडच्या जुन्या माणसांचा हैदराबादशी धागा १९४८ ला निजामाचं राज्य गेल्यावर पण काही तुटला नव्हता. लग्नाचा बस्ता, बांगड्या, डोळ्यांचा डॉक्टर, सगळं हैदराबादला. बाबा रेल्वेनं परत आले, एका हातात उस्मानिया बिस्किटांचा डबा आणि दुसऱ्या हातात हे ॲल्युमिनियमचं गोल यंत्र, झाकणाला मध्ये एक गोल काच. बटण नाही, तापमानाचा आकडा नाही, वायर प्लगमध्ये घातली की तापणार आणि काढली की गार होणार, एवढंच. आम्ही भावंडं त्या काचेतून आत बघायला भांडायचो.

आता प्रश्न अंड्याचा. आजी माळकरी, तिच्या गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी चुकवायची नाही. घरात अंडं येणं शक्यच नव्हतं, आणि आईला तर आजीनं न खाल्लेला केक घरात करायचाच नव्हता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आजीला वेगळं काही देता आलं असतं, पण आईनं तसं केलं नाही, सगळ्यांना एकच केक पाहिजे म्हणून ती वर्षभर खटपट करत बसली. वहीत त्या वर्षाची पानंच्या पानं आहेत. एकदा नुसत्या दुधावर केला, "वीट झाली". एकदा घाण्याच्या करडईच्या तेलात केला, कारण घरात तेच तेल होतं, "वास आला, कुणी खाल्ला नाही, गड्याला दिला, त्यानं खाल्ला". एकदा दही घातलं आणि पुढं नुसतं लिहिलंय, "फुगला". त्या शब्दाखाली दोन रेघा.

दही आणि खायचा सोडा. दह्यातला आंबटपणा आणि सोडा भेटले की लगेच बुडबुडे सुटतात, कार्बन डायऑक्साइड, आणि ते बुडबुडे पिठात अडकले की केक हलका होतो. पण ते थांबत नाहीत कुणासाठी. मिश्रण ओट्यावर तसंच राहिलं की बरेच बुडबुडे उडून जातात. आईनं हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. वहीत तिच्या अक्षरात आहे, "सोडा शेवटी. टाकला की फोन आला तरी घ्यायचा नाही." त्याच्या पुढच्या पानावर, आजीबद्दल. "आत्याबाईंनी आज खाल्ला. अंडं नाही ना असं तीनदा विचारलं. मग अजून मागितला."

पण खरी परीक्षा लाईटची. आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता यायचं नाही, पुढं २००५ च्या नंतर तर भारनियमनाचं टाइमटेबलच असायचं, पण त्या काळी ते पण नव्हतं. केक आत टाकून वीस मिनिटं झालेली, काचेतून बघितलं तर मस्त वर आलेला, आणि लाईट गेली. ज्यांनी केक केलाय त्यांना माहीत आहे की ही सगळ्यात वाईट वेळ. बुडबुडे फुगलेले असतात पण त्यांच्या भोवतीचं पीठ अजून शिजून घट्ट झालेलं नसतं, मग उष्णता गेली की बुडबुडे आकसतात आणि केक मधोमध खाली बसतो. कडेनं उभा, मध्ये खड्डा, विहिरीसारखा.

आईनं पहिल्या वेळी तो केक तसाच कुकरमध्ये घातला. गंगाखेडहून गोदावरीची वाळू आणून, धुवून, चाळून ठेवली होती, ती कुकरच्या तळाला, रिंग काढली, शिट्टी काढली, मंद गॅस. केक शिजला, पण खड्डा काही भरला नाही. माझ्या धाकट्या भावाचा वाढदिवस होता, ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सीताफळांचा सीझन. धारूर-अंबाजोगाईकडची, बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं बाजारात पाट्या भरून आलेली. आईनं चार सीताफळं घेतली, गर काढला, बिया काढायला आम्हाला बसवलं आणि केक पूर्ण गार झाल्यावर तो गर त्या खड्ड्यात भरला. वरून सुरीनं सपाट केला. "गरम केकमध्ये घालायचा नाही, सीताफळ तापलं की कडू होतं," हे पण वहीत आहे, आणि हे अगदी खरं आहे, मी स्वतः एकदा घाईत कडू करून बघितलंय. तो केक आम्हाला इतका आवडला की पुढच्या वर्षी लाईट गेली नाही, केक छान फुगला, तर भाऊ रडायला लागला की खड्डा कुठं आहे.

म्हणून मी वही वाचत वाचत १९९३ च्या नोंदीपाशी आले तेव्हा मला वाटलं आता परत सीताफळ असणार. भावाचा वाढदिवस १ ऑक्टोबरचा. तारीख होती. खाली लिहिलं होतं,

"केक केला नाही. धपाटे ६०. शेंगाची चटणी १ डबा. दही केकसाठी ठेवलं होतं ते धपाट्यात घातलं."

एवढंच. बाकी पान कोरं.

मराठवाड्यातल्या माणसाला ती तारीख सांगावी लागत नाही. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक दमून झोपले होते, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवरची गावंच्या गावं गेली, जवळपास दहा हजार माणसं. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात गार राहतात म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली घरं, तीच अंगावर आली. आमच्याकडं परभणीत मांडणीवरची भांडी वाजली, आजी उठून बसली आणि विठ्ठल विठ्ठल म्हणायला लागली, बाबांनी आम्हाला उचलून अंगणात आणलं. मी अकरा वर्षांची होते. काय झालंय ते दिवसभरात हळूहळू कळत गेलं, रेडिओवर, मग टीव्हीवर, आणि प्रत्येक बातमीत आकडा वाढत जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली पोरं भाकरी गोळा करत आली, ट्रक जाणार होता. आई भाकरीच करायला बसली होती, आजीनं तिला थांबवलं. "भाकर उद्यापस्तोर वाळंल, लेकरांना चाववायची न्हाई. धपाटे कर, दोन-तीन दिस ऱ्हातेत." ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, बेसन, लसूण, तीळ, आणि भिजवायला दही. मला तो दिवस आठवतो तो धुरासारखा. सगळा ओटा धपाट्यांनी भरलेला, प्रत्येक धपाट्याला बोटानं मधोमध भोक पाडायचं आजीचं काम, फडकी घड्या घालायचं माझं. भाऊ मध्येच आला आणि म्हणाला आज माझा वाढदिवस आहे ना, आणि आईनं त्याला जवळ घेतलं, पिठाच्या हातानंच, त्याच्या शर्टावर तिचा पांढरा पंजा उमटला. हे मला आठवत होतं. पण ते दही केकचं होतं, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

मी ते पान किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. किल्लारीवर लिहायचा प्रयत्न मी पूर्वी केलेला आहे, दोनदा तरी. दोन्ही वेळा मी पडलेल्या घरांपासून सुरू केलं होतं, जी मी तेव्हा बघितलेली नव्हती, आणि दोन्ही वेळा ते खोटं वाटलं म्हणून फाडलं. आईनं जे बघितलं नाही ते लिहिलंच नाही. तिच्यापुढं दही होतं, ते कुठं गेलं ते तिनं लिहिलं.

पुढची नोंद ४ ऑक्टोबरची. "आज केला. बसला मधून. सीताफळ भरलं. लहान्यानं दोन तुकडे खाल्ले. आत्याबाईंनी खाल्ला नाही, सोमवार धरलाय म्हणाल्या, आधी कधी धरत नव्हत्या."

संध्याकाळी मी आईला विचारलं, तू हे सगळं का लिहीत होतीस? ती लसूण सोलत होती. म्हणाली, "पुढच्या बारीला किती लागंल ते कळावं म्हणून." मी म्हटलं, अगं पण आजीनं सोमवार धरला ते कशाला मग? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी केक उरला होता ना. का उरला ते लिहायला नको?"

आमच्या जिल्ह्यातली जनाबाई, गंगाखेडची. आजीला तिचा फार अभिमान, आपल्या गावची लेक असल्यासारखी जनी म्हणायची, आणि जात्यावर बसली की तिचेच अभंग. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की तिच्या अभंगांत दळण आहे, कांडण आहे, झाडलोट आहे. मी परीक्षेत ते उत्तर लिहून मार्क पण घेतले. पण हातात काम असताना, कामाच्याच शब्दांत, कुणी लिहू शकतं, हे माझ्याच घरात ओट्यावर चाललं होतं आणि मी रोज त्याच्या शेजारून पाण्याचा तांब्या भरून नेत होते.

वही आईनं दिली नाही. "ऱ्हाऊ दे इथंच, लागती मला." मी सगळी पानं मोबाईलमध्ये फोटो काढून घेतली आणि संभाजीनगरला आले. आल्या आल्या रविवारी पोरीला घेऊन केक करायला बसले. २ कप मैदा, १ कप पिठीसाखर, १ कप दही, अर्धा कप पातळ केलेलं लोणी, पाव कप दूध, सोडा पाऊण चमचा. माझ्याकडं चांगला ओटीजी ओव्हन आहे, आकडे आहेत, टायमर आहे, लाईट सहसा जात नाही. आणि केक कडेनं भांड्याबाहेर आला, मध्ये ओला राहिला. दुसऱ्या रविवारी पण तेच. पोरगी म्हणाली आजीची रेसिपी चुकलीय. मी आईला फोन केला. आईनं विचारलं, "कप कोणता घेतलास?"

तिचा कप म्हणजे चिनी मातीचा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. कान तुटल्यावर चहाला घेईनासा झाला म्हणून तो पिठात गेला तो गेलाच. पुढच्या वेळी परभणीला गेले तेव्हा तो कप घेऊन आले, रुमालात गुंडाळून, मांडीवर ठेवून. घरी वजनकाट्यावर ठेवला, शून्य केला, काठोकाठ पाणी भरलं. १६५ ग्रॅम. माझा मोजायचा कप २४० चा. म्हणजे मी दीडपट केक करत होते आणि तो आईच्या मापाच्या भांड्यात, तेवढ्याच वेळात भाजत होते, आणि सोडा चमच्यानं मोजलेला म्हणून तो तेवढाच. आई बरोबरच लिहून गेली होती, पण तिच्या "१ कप" चा अर्थ त्या कपाशिवाय लागतच नव्हता.

त्या रात्री केक ओव्हनमध्ये असताना, ती पस्तीस मिनिटं, मी ओट्यावरच माझी वही घेऊन बसले आणि लिहायला लागले. कपापासून सुरू केलं. निळी फुलं किती आहेत ते मोजून लिहिलं, सात, आणि आठवं कानासोबत गेलेलं. मग चाचांची मैद्याची चिमूट. मग रोडगे. टायमर वाजला, केक काढला, परत बसले. पोरगी झोपायला गेली, मी लिहीतच होते. दोन वर्षांनी पहिल्यांदा काही खोडावंसं वाटलं नाही.

धपाट्यांचं लिहून झालं तेव्हा मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मध्ये हुं हुं करत. मी वाचलं की दही घरात केकसाठी लावलेलं होतं, तर तिनं थांबवलं.

"घरचं नव्हतं ते. आपली म्हैस आटली होती तवा. शेजारच्या काकूंनी दिलं होतं, आदल्या दिवशी मी सांगून ठेवलं होतं, लहान्याचा वाढदिवस हाय म्हणून. सकाळी त्या आल्या न् पातेलं ओट्यावर ठेवलं."

मी म्हटलं बरं, लिहिते.

"त्यांचं माहेर तिकडलं होतं. किल्लारीच्या जवळचं. तवर काही कळलं नव्हतं त्यांना कुणाचं. पातेलं ठिवलं, म्हणल्या, वाढदिवसाचं दही, अन् तिथंच उभ्या राहिल्या. मी म्हणलं बसा. बसल्या नाहीत. मग त्यांनीच पीठ घेतलं परातीत अन् ते दही त्यात घातलं. मी नाही घातलं."

मला काही बोलता येईना. वहीत लिहिलंय, "धपाट्यात घातलं". कुणी घातलं ते लिहिलेलं नाही. मी विचारलं, आई, हे तू लिहिलं का नाहीस? ती म्हणाली, "त्यांचं होतं ते. मी कसं लिहू?" आणि मग, थोड्या वेळानं, "आता त्या नाहीत. तू लिही."

मी पेन्सिलनं ते वाक्य बदललं. आई फोनवरच होती, मागं तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली. म्हणाली, "केक कसा झाला ते सांगितलंच नाहीस. सोडा किती टाकला?"

अर्धा चमचा, मी म्हटलं. थोडा बसला मधून.

"मग सीताफळ आण," आई म्हणाली, "गार होऊ दे आधी."